उद्योगाचा प्रश्न, महाविद्यालयाची प्रयोगशाळा : हैदराबादकडून गोव्याने काय घ्यावे?

हेपाटायटिस-बी या यकृताच्या आजारावरील जनुकीय तंत्राने तयार केलेली पहिली स्वदेशी लस 1997 मध्ये बाजारात आली. ती हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या कंपनीने विकसित केली होती. कंपनीचे संस्थापक के. आय. वरप्रसाद रेड्डी हे शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्स अभियंते. 1993 मध्ये कंपनी स्थापन झाली, तेव्हा तिच्यापाशी स्वतःची सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती. सुरुवातीचे संशोधन उस्मानिया विद्यापीठात झाले आणि पुढे ते ‘सीसीएमबी’ या केंद्रीय संशोधन संस्थेत हलवण्यात आले. आयात लस त्या काळी सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. स्वदेशी लस तिच्या किमतीच्या एका अंशात मिळू लागली. कंपनीकडे नेमका प्रश्न होता आणि संस्थांकडे यंत्रे, जागा व जाणकार होते. ही सांगड गोव्यातील लहान उद्योजकांनी समजून घेण्यासारखी आहे.

गोव्यात सामग्री आहे

आपल्याकडे शिक्षणसंस्थांची वानवा नाही. ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठ आहे, फर्मागुडीला 1967 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, झुआरीनगरात बिट्स पिलानीचा परिसर आहे, शिवाय एनआयटी आणि आयआयटी आहेत. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जुने गोवे येथील कृषी संशोधन संस्था वेगळ्याच. दुसऱ्या बाजूला वेर्ण्यातील औषधनिर्मिती, काजूप्रक्रिया, फेणीच्या भट्ट्या, मत्स्यप्रक्रिया आणि बोटबांधणी असे उद्योग आहेत. तरीही या दोहोंची गाठ बहुधा नोकरभरतीच्या वेळी किंवा समारंभातच पडते. मोठी कंपनी स्वतःचा संशोधन विभाग उभारू शकते. दहा-पंधरा कामगारांच्या कारखान्याला ते शक्य नसते. त्याच्यासाठी जवळचे महाविद्यालय हाच परवडणारा संशोधन विभाग ठरू शकतो.

हैदराबादमध्ये काय घडले?

तेथे उद्योग थेट शिक्षणसंस्थेच्या आवारात आले. 1998 मध्ये सरकार आणि उद्योग यांच्या भागीदारीतून ट्रिपल आयटी हैदराबाद ही संस्था स्थापन झाली. 2015 मध्ये तेलंगण सरकारचे ‘टी-हब’ हे नवउद्योग केंद्र याच संस्थेच्या गच्चीबावली येथील आवारात सुरू झाले. 2022 मध्ये त्याची स्वतंत्र भव्य इमारत उभी राहिली. हैदराबाद विद्यापीठाच्या आवारात डॉ. रेड्डीज इन्स्टिट्यूट ऑफ लाइफ सायन्सेस ही संशोधन संस्था काम करते, तसेच जैवतंत्रज्ञानातील नवउद्योगांसाठी प्रयोगशाळेची सोय असलेले केंद्रही आहे. याशिवाय प्रयोगशाळा आणि बाजारपेठ यांच्यात दुवा साधण्यासाठी तेलंगण सरकारने ‘रिसर्च अँड इनोव्हेशन सर्कल ऑफ हैदराबाद’ ही स्वतंत्र यंत्रणा उभारली.

हैदराबादला सार्वजनिक क्षेत्रातील औषध कारखाने आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांची अनेक दशकांची पार्श्वभूमी होती, हे खरे. ती गोव्याला नाही. पण एकत्र काम करण्याची रीत उचलण्यासाठी तेवढ्या पार्श्वभूमीची गरज नाही.

भागीदारीचे चार प्रकार

पहिला प्रकार चाचणी व सल्ल्याचा. उत्पादनाचा नमुना द्यायचा, ठरलेले शुल्क भरायचे आणि अहवाल घ्यायचा. काम बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आटोपते. पहिल्या ओळखीसाठी हाच मार्ग सोयीचा.

दुसरा विद्यार्थी प्रकल्पाचा. अंतिम वर्षाचे विद्यार्थी एखाद्या सत्रात किंवा वर्षभरात उद्योगाचा छोटा प्रश्न हाताळू शकतात. बिट्स पिलानीच्या ‘प्रॅक्टिस स्कूल’ या जुन्या योजनेत विद्यार्थी सुमारे साडेपाच महिने उद्योगात राहून काम करतात. येथे खर्च कमी असतो, मात्र कारखान्यातील एका जाणकाराने नियमित वेळ द्यावा लागतो.

तिसरा प्रकार प्रायोजित संशोधनाचा. यात कंपनी निधी देते आणि प्राध्यापक संशोधक नेमून दोन-तीन वर्षे काम करतात. नवे उत्पादन किंवा नवी प्रक्रिया हवी असेल, तरच या वाटेने जावे.

चौथा प्रकार संवर्धन केंद्राचा, म्हणजेच नवउद्योगाने संस्थेच्या आवारात राहून वाढण्याचा. फातोर्ड्याच्या डॉन बॉस्को अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि साखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये अशी केंद्रे आहेत.

प्रश्न कसा मांडावा?

‘आमच्या काजू व्यवसायासाठी काही संशोधन करा’ या विनंतीतून काही निष्पन्न होत नाही. ‘काजूबी वाफवण्याचा वेळ आणि फोडण्यापूर्वीची आर्द्रता बदलल्यास तुटणाऱ्या गरांचे प्रमाण किती घटेल?’ हा प्रश्न मात्र प्रयोगशाळेत नेता येतो. अख्ख्या गराला तुकड्यांपेक्षा अधिक भाव मिळतो, त्यामुळे उत्तराचे मोलही रुपयांत मोजता येते. बोंडूंचा रस काढल्यावर उरणाऱ्या चोथ्याचे काय करावे, हा प्रश्नही असाच नेमका करता येईल. उद्योजकाने सध्याची पद्धत, होणारे नुकसान आणि अपेक्षित सुधारणा एका पानावर लिहून न्यावी. सोबत गेल्या वर्षाच्या नोंदी असल्यास उत्तम.

करार आधी, काम नंतर

सामंजस्य करारावर सह्या होतात, छायाचित्रे निघतात आणि पुढे काहीच घडत नाही, हा अनुभव नवा नाही. अशा करारात बहुधा सदिच्छा असतात, जबाबदाऱ्या नसतात. म्हणून प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र लेखी करार हवा. त्यात काम कोणते, मुदत किती, पैसे कोणत्या टप्प्यावर द्यायचे, कंपनीची कोणती माहिती गोपनीय राहील आणि निष्पन्न शोधाचा मालक कोण, हे स्पष्ट असावे. प्रयोग फसला तरी त्याचा अहवाल मिळेल, हेही लिहून घ्यावे. कोणता मार्ग चालत नाही, हे कळणेसुद्धा उपयोगी असते.

सर्वांत नाजूक मुद्दा प्रसिद्धीचा. प्राध्यापकाला शोधनिबंध प्रसिद्ध करायचा असतो, पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या खुल्या संकेतस्थळावर जातात आणि उद्योजकाला पेटंट हवे असते. भारतीय पेटंट कायद्यानुसार शोध आधीच प्रसिद्ध झाला, तर काही मर्यादित अपवाद वगळता त्यावर पेटंट मिळत नाही. उपाय सोपा आहे. आधी तात्पुरता पेटंट अर्ज दाखल करावा, त्यानंतर निबंध प्रसिद्ध करावा आणि 12 महिन्यांच्या आत पूर्ण तपशिलाचा अर्ज द्यावा. विद्यार्थ्याचे नाव आणि पदवी अडणार नाही, याची काळजी करारातच घ्यावी. शोध लावणारा विद्यार्थी असेल, तर शोधकर्ता म्हणून त्याची नोंद व्हायलाच हवी.

निधीबाबतही एक खबरदारी आवश्यक आहे. कंपनी कायद्यातील सामाजिक दायित्व निधी सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांतील संशोधनाला देता येतो. 2019 मध्ये तशी तरतूद झाली. मात्र कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचे काम त्या खात्यावर दाखवता येत नाही. स्वतःच्या उत्पादनासाठी करून घेतलेले संशोधन हा व्यवसायाचा खर्च असतो. याबाबत लेखापालांचा सल्ला आधीच घ्यावा.

सुरुवात कोठून?

शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधीच संबंधित विभागप्रमुखांना भेटावे, कारण विद्यार्थ्यांचे प्रकल्प विषय वर्षाच्या आरंभी ठरतात. पहिले काम लहान, चार-सहा महिन्यांचे असावे. महाविद्यालयांनीही आपल्याकडे कोणती यंत्रे आहेत, चाचणीचे दर काय आहेत आणि संपर्क कोणाशी साधावा, याची यादी मराठीसह जाहीर करावी. ही यादी नसल्यामुळे अनेक कारखानदारांना शेजारच्या तालुक्यात असलेली सोय ठाऊकच नसते. तेलंगणने दुवा साधणारी स्वतंत्र यंत्रणा उभारली. गोव्याचा विस्तार पाहता येथे औद्योगिक वसाहतींच्या संघटना आणि महाविद्यालये यांनी मिळून नेमलेला एक समन्वयकही सुरुवातीला पुरेसा होईल.

उच्चशिक्षित गोमंतकीय तरुण बंगळूर, पुणे आणि हैदराबादची वाट धरतात. घराजवळच्या कारखान्याचा खरा प्रश्न सोडवण्याची संधी विद्यार्थीदशेत मिळाली, तर त्यांतील काही जण येथेच थांबण्याचा विचार करतील. कारखान्याला आपल्या कामाची माहिती असलेला अभियंता मिळेल, आणि महाविद्यालयातील यंत्रे वर्षातून दोन प्रात्यक्षिकांपुरती चालण्याऐवजी खऱ्या कामाला लागतील.