व्यवसायाचा रकाना

कुठलाही फॉर्म भरताना ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी माझं पेन थांबतं. पुण्यात आठ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. सगळे ‘बाई’ म्हणत. एच-४ व्हिसावर इथे आले आणि नोकरीची सोय राहिली नाही. २०१५ पासून काही एच-४ धारकांना वर्क परमिट मिळतं, पण त्यासाठी नवऱ्याची ग्रीन कार्डाची फाइल पुढे सरकावी लागते. तोवर मी कोण?

या उन्हाळ्यात आम्ही न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला गेलो. तिथल्या दफनभूमीत डॉ. आनंदीबाई जोशींची रक्षा आहे. माहेरची यमुना लग्नानंतर आनंदी झाली. १८८३ मध्ये त्या अमेरिकेत आल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्या गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

“मग तिथले पेशंट त्यांनी कधी तपासले?” लेकीने विचारलं.

“रुजूच होता आलं नाही गं त्यांना.”

“तरी त्या डॉक्टरच ना?”

मी त्या दगडासमोर गप्प उभी राहिले. आनंदीबाईंच्या पासंगालाही मी पुरणार नाही. नोकरी तर मला अजूनही हवी आहे. पण माणसाची ओळख आणि त्याच्या जगण्याचं प्रयोजन पगाराच्या चिठ्ठीवर ठरत नाही, हे मला लेकीने शिकवलं. दर रविवारी मंडळाच्या मराठी शाळेत मुलं माझ्यासमोर ‘ळ’ गिरवतात, तेही शिकवणंच आहे.

परवा लेकीच्या शाळेतून फॉर्म आला. त्या रकान्यात मी लिहिलं : शिक्षिका.