चाकांवरच्या घराचा तोल

गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात तरफ, परिबल आणि गुरुत्वमध्य हे विषय शिकवीत आले आहे. फळ्यावर आकृत्या काढून हात पांढरे झाले. तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या एका हमरस्त्यावर या तिन्ही गोष्टी मी साफ विसरले होते, आणि त्याची आठवण मला फार वेगळ्या रीतीने करून देण्यात आली. ती हकीकत सांगायची तर आधी कॅरव्हान म्हणजे काय ते सांगायला हवे.

कॅरव्हान म्हणजे चाकांवरची खोली. तिला स्वतःचे इंजिन नसते. मोटारीच्या मागे लिंबाहून थोडा मोठा असा एक लोखंडी गोळा बसवलेला असतो. कॅरव्हानच्या पुढच्या दांडीचे टोक त्या गोळ्यावर पालथ्या वाटीसारखे बसते आणि मोटार तिला ओढत नेते. चाके बहुधा दोनच, मधोमध असलेल्या एका आसावर. आत बिछाने, शेगडी, कपाटे, सगळा संसार. जाल तिथे मुक्काम! हौसेने फिरण्यासाठी मुद्दाम बांधून घेतलेली पहिली कॅरव्हान म्हणून 'वाँडरर' या गाडीचे नाव घेतात. ब्रिटिश आरमारात डॉक्टर असलेले विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ती १८८५ साली ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यातून करून घेतली. ती दोन घोडे ओढीत आणि तिचे वजन सुमारे दोन टन होते. घोड्यांच्या चालीने जाणाऱ्या गाडीला ते चालून गेले. आजची कॅरव्हान मात्र मोटारीमागून ताशी ९० किलोमीटरने धावते, आणि प्रश्न तिथूनच सुरू होतात.

माझा मावसभाऊ बर्मिंगहॅमला असतो. त्याने नुकतीच एक जुनी कॅरव्हान विकत घेतली होती. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून मोटारीचा साधा परवाना असलेल्या माणसाला साडेतीन टनांपर्यंतची ओढगाडी वेगळी परीक्षा न देता ओढता येते. म्हणजे सामान कसे भरावे हे तपासणारा परीक्षक आता नाही. ज्याने त्याने शिकून घ्यायचे. दादा तसा काळजीवाहू. गाडीच्या अंगावरच्या पट्टीवर लिहिले होते की सामानासह वजन १३४० किलोच्या वर जाता कामा नये. रिकाम्या गाडीचे वजन ११८० किलो. म्हणजे सामानाच्या वाट्याला उरले १६० किलो.

१६० किलो म्हणजे पुष्कळ, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले. दादाने एकेक वस्तू काट्यावर ठेवून वहीत आकडे मांडले तेव्हा डोळे उघडले. दारापुढे लावायची कनात आणि तिचे दांडे २५ किलो, घडीच्या खुर्च्या आणि टेबल २०, पांघरुणे १६, भांडी आणि कुकर १२, तांदूळ-डाळीपासून लोणच्याच्या बरणीपर्यंतचा शिधा २२, कपडे २५. झाले १२० किलो! एकही वस्तू उचलताना जड लागली नव्हती. संसाराचे वजन असेच चोरपावलांनी येते. (काटेकोर बोलायचे तर किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे, वजनाचे नव्हे. पण या लेखापुरते आपण बाजारातली भाषा वापरू.)

दादाने सामान लावले, दांडीचे टोक किती भार देते तेही मोजले आणि तो झोपायला गेला. सकाळी निघायच्या घाईत दोन गोष्टी घडल्या. मुलांनी आपल्या सायकली, दोन्ही मिळून २२ किलोच्या, मागच्या भिंतीवरच्या आकड्यांना अडकवल्या. आणि मी, घरचे पाणी बरे म्हणून, ४० लिटरचा पिंप काठोकाठ भरून मागच्या भिंतीजवळ ठेवला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे सातवीतल्या मुलाला ठाऊक असते.

एम-५ या हमरस्त्यावर आमचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास असताना एक लांबलचक प्रवासी बस आम्हाला ओलांडून गेली. तिच्या हवेचा धक्का बसला आणि मागची कॅरव्हान झुलू लागली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. झोका कमी होण्याऐवजी प्रत्येक वेळी वाढत होता आणि आमच्या मोटारीची शेपटीही त्याबरोबर हलत होती. मागे बसलेली भाचरे एकदम गप्प झाली. मी ओरडले, "दादा, ब्रेक लाव!"

दादाने ब्रेक लावला नाही. त्याने वेग देणाऱ्या पट्टीवरचा पाय हळूच काढला आणि चक्र दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवले. पाच-सहा झोके गेले. मग ते लहान होत होत थांबले. पुढच्या थांब्यावर उतरलो तेव्हा माझे पाय लटपटत होते.

आता पाहा, काय झाले होते. कॅरव्हान ही एक तरफ आहे. तिचा टेकू म्हणजे चाकांचा आस. आसाच्या पुढे ठेवलेले सामान दांडीचे टोक खाली दाबते, मागे ठेवलेले सामान ते वर उचलते. आपल्याकडचे गाडीवान हे पिढ्यान्पिढ्या जाणतात. बैलगाडीत मागे भार फार झाला तर गाडी 'उलाळ' होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला जोते आवळतात. म्हणून गाडीवान ओझे किंचित पुढे घेतो. तेवढा भार बैलांनी मानेवर सोसायचा असतो. मोटारीमागच्या गोळ्याचेही तसेच आहे. भरलेल्या कॅरव्हानच्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के भार गोळ्यावर यावा, असा ब्रिटनमध्ये सर्वसाधारण सल्ला असतो. अर्थात मोटारीच्या आणि दांडीच्या बनावटीने ठरलेली मर्यादा त्याहून कमी असेल तर ती पाळायची. भार फाजील झाला तर मोटारीची मागची बाजू दबते, पुढची चाके हलकी होतात आणि वळवताना रस्त्यावर नीट पकड घेत नाहीत.

आदल्या रात्री दादाच्या कॅरव्हानचे वजन १३०० किलो होते आणि गोळ्यावर भार ७८ किलो, म्हणजे बरोबर ६ टक्के. गोळ्यापासून आसापर्यंतचे अंतर ४ मीटर. मग गुरुत्वमध्य कुठे होता? ७८ गुणिले ४ म्हणजे ३१२. त्याला १३०० ने भागा. उत्तर ०.२४ मीटर. एवढ्या मोठ्या खोलीचा गुरुत्वमध्य आसाच्या फक्त २४ सेंटिमीटर पुढे होता! ५ टक्के आणि ७ टक्के धरून हेच गणित करा. अंतर २० ते २८ सेंटिमीटर येते. म्हणजे खेळायला जागा केवळ ८ सेंटिमीटरची, आपल्या हाताच्या पंजाच्या रुंदीएवढी.

आता माझा पिंप. तो आसाच्या अडीच मीटर मागे होता. ४० गुणिले २.५ म्हणजे १००. भागिले ४ म्हणजे २५. माझ्या पाण्याने गोळ्यावरचा भार २५ किलोंनी उचलला. सायकली आणखी मागे, ३.२ मीटरवर होत्या. त्यांनी १७.६ किलो उचलले. ७८ चे राहिले जेमतेम ३५ किलो, एकूण वजनाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास. शिवाय एकूण वजन १३६२ किलो, म्हणजे मर्यादेपेक्षा २२ किलोंनी जास्त झाले ते वेगळेच. तोच पिंप बरोबर आसावर ठेवला असता तर गोळ्यावरच्या भारात काहीच फरक पडला नसता.

पण गोष्ट इथेच संपत नाही, आणि मला स्वतःला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. समजा, ३० किलोची एक पेटी आसाच्या ३ मीटर पुढे ठेवली आणि तेवढीच दुसरी ३ मीटर मागे. तोल बरोबर राहील, एकूण वजनही तेच, गोळ्यावरचा भारही तोच. काट्याला काही कळणार नाही. तरी ही मांडणी वाईट. का ते घरी करून पाहा. मीटरभर लांबीची एक काठी घ्या. सारख्या वजनाची दोन कुलपे तिच्या मध्याजवळ दोन्ही बाजूंना बांधा. काठी मधोमध धरून मनगटाने डावी-उजवीकडे भराभर फिरवा. नंतर तीच कुलपे दोन्ही टोकांना सरकवा आणि पुन्हा फिरवा. आता काठी सुरू व्हायला कुरकुर करते, आणि एकदा फिरली की थांबायलाही कुरकुर करते. फिरण्यातल्या या हट्टीपणाला जडत्वाचे परिबल म्हणतात. ते अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढते. ३० किलोच्या दोन पेट्या ३ मीटरवर असतील तर ३० गुणिले ९ गुणिले २, म्हणजे ५४०. त्याच १ मीटरवर आणल्या तर अवघे ६०. नऊपट फरक! झुलू लागलेली कॅरव्हान लवकर थांबावी असे वाटत असेल तर जड सामान आसाजवळ आणि जमिनीलगत हवे. वरच्या कपाटांत कपडे, पोह्याची पाकिटे, टॉवेल अशा हलक्या वस्तू ठेवाव्यात, नाहीतर वळणावर आणि आडव्या वाऱ्यात गाडी कलंडू पाहते.

मग झोका मुळात थांबतो कशाने? टायरांनी. कॅरव्हान बाजूला झुलते तेव्हा टायर आपल्या रोखापेक्षा किंचित तिरके सरकतात, आणि रस्ता त्यांना उलट्या दिशेने रेटतो. हा रेटा त्या तिरकेपणावर अवलंबून असतो. पण गाडी जितकी वेगाने पुढे जाईल तितका, झुलणे तेवढेच असले तरी, तिरकेपणा कमी भरतो. वेग दुप्पट झाला की झोका शमवण्याची ताकद निम्मी. म्हणून प्रत्येक मांडणीसाठी एक वेग असा असतो की त्याखाली झोके आपोआप विरतात आणि त्यावर ते आपोआप वाढतात. आमच्या पिंपाने आणि सायकलींनी तो वेग खाली ओढून ठेवला होता. बाथ विद्यापीठातील संशोधकांनी ओढगाडीतील वजनांची मांडणी बदलून प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, वेगातल्या स्थैर्यावर गोळ्यावरचा भार, आसाची जागा आणि हे जडत्वाचे परिबल यांचा फार मोठा परिणाम होतो; नुसत्या एकूण वजनाचा त्यामानाने कमी. म्हणून काही पट्टीवरची मर्यादा मोडायची नाही. टायर, आस आणि ब्रेक त्याच हिशेबाने बनवलेले असतात.

दादाने ब्रेक का लावला नाही, तेही आता कळेल. वाढता झोका मोडायचा तर वेग त्या मर्यादेखाली आणायचा, पण सावकाश. जोराने ब्रेक दाबला की मोटार मंदावते, मागची तेरा-साडेतेराशे किलोची खोली मात्र जडत्वाने पुढे रेटत राहते. आणि ती तिरकी असल्यामुळे मोटारीची शेपटी बाजूला ढकलते. झोक्याच्या उलट चक्र फिरवणेही घातक. माणसाचा हात नेहमी थोडा उशिरा पोचतो, आणि झोपाळ्याला वेळेवर धक्का द्यावा तसा तो झोक्याला जोरच देतो.

त्या थांब्यावर मी पिंप गटारात ओतला. सायकली आत आणून आसावर आडव्या ठेवल्या आणि चादरीने बांधल्या. दादाने न्हाणीघरातला वजनकाटा बरोबर आणला होता. दांडीखाली बरोबर उंचीचा लाकडी ठोकळा त्यावर उभा धरून, कॅरव्हान समपातळीत आहे ना ते पाहून, त्याने भार मोजला. काटा ७७ वर थांबला. डेव्हनच्या समुद्रकाठापर्यंत पुढे आणखी किती बसगाड्या आम्हाला ओलांडून गेल्या. दर वेळी कॅरव्हान जराशी हलली आणि सरळ झाली.

मुक्कामाच्या तळावर पोचलो, तर आमच्या जागेपासून वीस पावलांवर पिण्याच्या पाण्याचा नळ होता.