‘एलोहीम’चे बहुवचन आणि मराठीतील ‘परमेश्वर’

हिब्रू भाषेत ईश्वरासाठी येणारा ‘एलोहीम’ हा शब्द रूपाने अनेकवचनी आहे. एकेश्वरवादी धर्मात असे रूप का असावे, या प्रश्नाचा मध्ययुगीन ज्यू पंडितांनी व्याकरणाच्या अंगाने विचार केला. बाराव्या शतकातील अब्राहम इब्न एझ्रा यांच्या मते प्रत्येक भाषेत आदर व्यक्त करण्याची स्वतंत्र रीत असते आणि हिब्रूत थोरांचा उल्लेख बहुवचनाने होतो. मराठी वाचकास हे सांगावे लागत नाही. आदरार्थी बहुवचन आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. मात्र साम्य येथेच संपते. ‘महाराज आले’ यात क्रियापदही अनेकवचनी होते. उत्पत्तीच्या आरंभी मात्र ‘एलोहीम’चे क्रियापद एकवचनी आहे. शिवाय मराठी भक्त देवाला ‘तू’च म्हणतो!

यहूदा हालेवी यांनी ‘कुझारी’ या अरबी ग्रंथात (सुमारे ११४०) आणखी एक भेद मांडला. ‘एलोहीम’ ही सत्ताधीशाची उपाधी असून बुद्धीने तिच्यापर्यंत पोहोचता येते. चार अक्षरी नाम मात्र रूबेन, शिमोन यांसारखे विशेषनाम होय. मैमोनिदेस (११३८–१२०४) यांनीही इतर सर्व नावे ईश्वराच्या कृतींवरून आलेली मानली व हे एकच नाम वेगळे काढले.

सातारा, सांगली, मिरज परिसरातील चर्चमध्येही वाचल्या जाणाऱ्या प्रचलित मराठी बायबलात ‘एलोहीम’साठी ‘देव’ व चार अक्षरी नामासाठी ‘परमेश्वर’ हे शब्द येतात. परंतु ‘ईश्’ म्हणजे सत्ता चालविणे. व्युत्पत्तीने ‘परमेश्वर’ हीसुद्धा सत्ताधीशाची उपाधीच ठरते, म्हणजे हालेवींच्या ‘एलोहीम’च्या अधिक जवळची. विशेषनाम आणि उपाधी यांतील भेद त्यामुळे मराठीत पुसट होतो.

हा दोष केवळ भाषांतरकारांच्या माथी मारणे मात्र उचित नाही. ज्यू परंपरेत ते नाम उच्चारले जात नाही. त्याच्या जागी ‘अदोनाय’ (प्रभू) असे वाचतात. तीही उपाधीच, आणि रूपाने पुन्हा बहुवचनी! मराठी मातृभाषा असलेल्या बेने इस्रायल समाजासाठी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे करणारे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) याच परंपरेतले. त्यांची भाषांतरे या दृष्टीने मराठी बायबलांच्या शेजारी ठेवून तपासण्याजोगी आहेत.