उझबेक आणि मैतेई: सारखेपणा म्हणजे नातं नव्हे

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने प्रश्न विचारला होता. उझबेक भाषेत ‘घरात’ म्हणायला ‘उयदा’ म्हणतात आणि मणिपूरच्या मैतेई भाषेत ‘युमदा’. मग या दोन भाषा एकाच कुळातल्या का मानू नयेत? प्रश्न मला आवडला. आजचं सगळं बोलणं त्याच प्रश्नाभोवती आहे.

आपल्या शहराला उझबेक प्रदेश काही परका नाही. पाणचक्कीला आपण सगळे गेलेलो आहोत. तिथे ज्यांची कबर आहे ते बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानहून इथे आले. ते गाव आज उझबेकिस्तानात आहे. मैतेई मात्र आपल्या देशाची भाषा असूनही आपल्याला लांबची वाटते. 1992 साली कोकणी आणि नेपाळीबरोबर ती मणिपुरी या नावाने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली.

आता दोन्ही भाषा शेजारी ठेवून पाहू. ‘मी पुस्तक वाचतो’ हे उझबेकमध्ये ‘मेन कितोब ओकियमान’ आणि मैतेईत ‘ऐ लाइरिक पाइ’. दोन्हीकडे आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. अगदी आपल्यासारखंच! दोन्ही भाषा शब्दाच्या मागे प्रत्यय जोडत जातात. उझबेकचं ‘कितोबलारिमिझदा’ घ्या: कितोब म्हणजे पुस्तक, लार हा अनेकवचनाचा, इमिझ म्हणजे आमच्या, दा म्हणजे मध्ये. झालं ‘आमच्या पुस्तकांमध्ये’. शिवाय आपल्या तो-ती-ते सारखा लिंगभेद दोन्ही भाषांत नाही. आणि वर तो ‘दा’ प्रत्यय, ध्वनी तोच, अर्थही तोच. इतकं पाहिल्यावर कोणालाही वाटेल, की ठरलं, या बहिणीच.

इथे मला माझा जुना विषय आठवतो, न्यायशास्त्र. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे चूक. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. जो हेतू साध्य असेल तिथेही सापडतो आणि नसेल तिथेही, त्याला नैयायिक सव्यभिचार म्हणतात. शेवटी क्रियापद असणं हा तसलाच हेतू. तमिळमध्ये ते आहे, जपानीत आहे, मराठीत आहे. कुळं तिन्हींची वेगळी.

मग नात्याचा पक्का पुरावा कोणता? एखाद-दुसरा सारखा शब्द नव्हे. फारसी ‘बद’ म्हणजे वाईट, आपल्या ‘बदनाम’मधला; आणि इंग्रजी ‘बॅड’ म्हणजेही वाईट. या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, निव्वळ योगायोग आहे. पुरावा लागतो तो ध्वनींच्या नियमित जुळणीचा. संस्कृत ‘सप्त’ तिथे फारसी ‘हफ्त’, ‘सिंधु’ तिथे ‘हिंदू’, ‘सहस्र’ तिथे ‘हजार’. जिथे ‘स’ तिथे ‘ह’, हे पुन्हा पुन्हा घडतं. आपला सप्ताह आणि आपला हप्ता हे असे चुलत भाऊ आहेत.

हीच कसोटी उझबेकला लावा. तुर्कस्तानच्या तुर्कीत चारला ‘दोर्त’, उझबेकमध्ये ‘तोर्त’. जिभेला तिकडे ‘दिल’, इकडे ‘तिल’. दाताला तिकडे ‘दिश’, इकडे ‘तिश’. पाहिलंत? तिकडे ‘द’ तर इकडे ‘त’. नातं तुर्कीशी जुळलं. आता मैतेई. घराला ‘युम’, तर लिखित तिबेटीत ‘ख्यिम’, लिखित ब्रह्मीत ‘इम’. तीनला मैतेईत ‘अहुम’, तिबेटीत ‘सुम’. पाचला ‘मङा’, ब्रह्मीत ‘ङा’. नातं तिबेटी-ब्रह्मी कुळाशी जुळलं. म्हणजे ‘उय’ एका घराण्याचा, ‘युम’ दुसऱ्या घराण्याचा, आणि ‘दा’ फक्त योगायोगाने सारखा. बारकाईने पाहिलं तर फरकही दिसतात. उझबेक क्रियापदात ‘मी’ची खूण असते, मैतेईत नसते. मैतेईत सुरांच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो, उझबेकमध्ये नाही.

सारखेपणाचं तिसरंही एक कारण असतं: शेजार. उझबेकमध्ये बाजाराला ‘बोझोर’, दुनियेला ‘दुन्यो’, हवेला ‘हावो’ म्हणतात. आपले बाजार, दुनिया, हवाही फारसीच्याच वाटेने आलेले. आणि लांब कशाला जायचं? शहागंजात उभं राहून दखनी ऐका. ‘नक्को’ हे आपल्या ‘नको’वरून गेलं आहे, आणि ‘ऐसाइच’ मधला ‘च’ आपलाच. शेजाऱ्याकडून साखर आणावी तसा प्रत्ययसुद्धा आणता येतो.

हे सगळं सांगायचा खटाटोप कशासाठी? कारण भाषेवरून माणसाचा वंश ठरवायची घाई फार झाली आहे. दोन शब्द जुळले की ‘हे आपले’, नाही जुळले की ‘ते उपरे’. मोबाइलवर असे संदेश रोज येतात, आणि शिकलेली माणसंही ते पुढे पाठवतात. पण भाषेचं कूळ म्हणजे रक्ताचं कूळ नव्हे. आज उझबेक बोलणाऱ्या कित्येकांचे पूर्वज इराणी कुळातल्या भाषा बोलत होते. समरकंद-बुखाऱ्यात आजही ताजिक, म्हणजे फारसीचंच एक रूप, घराघरांत ऐकू येतं. माणसं भाषा बदलतात, एकात दुसरी मिसळतात. भाषेचा पुरावा भाषेपुरताच चालतो. त्यावर कोण मूळचा आणि कोण बाहेरचा याचा निवाडा करणं म्हणजे लोखंडाच्या गोळ्यात धूर शोधणं.

तेव्हा त्या तरुण मित्राला माझं उत्तर असं: तू नेमकं पाहिलंस, फक्त निष्कर्षाला घाई केलीस. पुढच्या वेळी दोन शब्द सारखे दिसले तर तीन प्रश्न विचार. योगायोग आहे का? उसना आहे का? आणि तशीच जुळणी आणखी दहा शब्दांत सापडते का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं, तरच नात्याची गोष्ट काढायची.