सोन्याच्या खाणीत कृष्णद्रव्याचा शोध
अमेरिकेत साउथ डकोटातल्या लीड गावी होमस्टेक ही सोन्याची जुनी खाण आहे. सोनं काढणं थांबलं, पण लिफ्ट अजून दीड किलोमीटर खाली जाते, शास्त्रज्ञांना घेऊन. तिथल्या ‘एलझेड’ उपकरणात १० टन द्रवरूप झेनॉन उणे १०० अंशांच्या आसपास थंड ठेवलेला असतो. अदृश्य कृष्णद्रव्याचा (डार्क मॅटरचा) कण झेनॉनच्या अणुकेंद्रावर आपटलाच, तर आधी बारीकशी लकाकी उठेल. सुटलेले इलेक्ट्रॉन वर सरकत पृष्ठभागाशी पोचले की दुसरी, जास्त ठळक. दोन्हींमधल्या वेळावरून टक्कर किती खोल झाली ते कळतं. एवढं खाली कशाला? वैश्विक किरणांचा गोंगाट खडक अडवतो म्हणून. पण खडकही थोडा किरणोत्सर्गी, म्हणून भोवती पाण्याची टाकी! २०२४ मध्ये जाहीर झालेल्या २८० दिवसांच्या मोजणीत तरी कृष्णद्रव्याचा हा पाहुणा आलेला नव्हता.