चर्चमधील कक्षसंगीत

मोजक्या वादकांनी, प्रत्येक स्वरपंक्ती बहुधा एकेकाच वाद्यावर वाजवून सादर करावयाचा पाश्चात्त्य संगीतप्रकार म्हणजे कक्षसंगीत. नावावरून तो दिवाणखान्यातील वाटला, तरी त्याच्या जडणघडणीत चर्चचा वाटा मोठा आहे. सतराव्या शतकात इटलीत सोनाटाचे दोन प्रकार रूढ झाले : नृत्यांवर आधारलेला ‘सोनाता दा कामेरा’ व उपासनेस अनुकूल असा ‘सोनाता दा क्येझा’. आर्कांजेलो कोरेल्ली (१६५३–१७१३) याच्या पहिल्या (१६८१) व तिसऱ्या (१६८९) संग्रहांत दुसऱ्या प्रकारच्या प्रत्येकी १२ रचना असून त्यांत विलंबित व द्रुत भाग सामान्यतः आलटून-पालटून येतात. मोट्सार्टने (१७५६–९१) साल्झबर्ग येथे १७७२–८० या काळात अशा १७ एकभागी रचना केल्या. उपासनाविधीतील दोन वाचनांमधील अवकाश भरणे, हा त्यांचा हेतू होता.

योझेफ हायडनची (१७३२–१८०९) ख्रिस्ताच्या अंतिम सात वचनांवरील रचना या परंपरेत विशेष उल्लेखनीय आहे. ती स्पेनमधील कादिझ येथील गुड फ्रायडेच्या विधीसाठी वाद्यवृंदाकरिता लिहिलेली असून १७८७ मध्ये हायडनने तिचे दोन व्हायोलिने, एक व्हिओला व एक चेलो या चार वाद्यांसाठी रूपांतर केले. भिंती, खिडक्या व खांब काळ्या वस्त्रांनी झाकून केवळ एक मोठा दीप तेवत ठेवीत. प्रत्येक वचनावरील निरूपणानंतर धर्मगुरू वेदीपुढे गुडघे टेकी व त्या वेळी वादन होई. श्रोत्यांना कंटाळा येऊ न देता सात विलंबित भाग सलग रचणे सोपे नव्हते, अशी कबुली हायडननेच दिली आहे. ‘मला तहान लागली आहे’ या वचनावरील भागात तारा बोटांनी छेडल्या जातात. अखेरीस भूकंपसूचक द्रुत भाग येतो.

दगडी भिंती व उंच कमानी यांमुळे चर्चमध्ये ध्वनी दीर्घकाळ घुमत राहतो. परिणामी विलंबित स्वरांना भारदस्तपणा येतो. उलट द्रुत स्वरावली एकमेकींत मिसळून अस्पष्ट होतात. म्हणून वादकांना लय किंचित आवरावी लागते आणि स्वर सुटे व नेमके वाजवावे लागतात. श्रोत्यांच्या उपस्थितीमुळे ध्वनी काही प्रमाणात शोषला जात असल्याने रिकाम्या वास्तूतील तालमीवर सर्वस्वी विसंबता येत नाही.

विसाव्या शतकात चर्च-वास्तू विधीबाह्य मैफलींसाठीही वापरात आल्या. लंडनमधील सेंट जॉन्स, स्मिथ स्क्वेअर हे १९४१ मध्ये बाँबहल्ल्यात जळालेले चर्च १९६९ मध्ये संगीतगृह म्हणून पुन्हा खुले झाले. जुन्या गोव्यातील मॉन्ते चॅपेलमध्ये भरणाऱ्या संगीतमहोत्सवात पाश्चात्त्य कक्षसंगीताबरोबर भारतीय अभिजात संगीतही सादर झाले आहे.