घरातील अडगळ आणि तिची बाहेर जाणारी वाट

नाताळ जवळ आला की वसईच्या वाड्यांतून घरांना रंग लागू लागतो, कोळिष्टके झाडली जातात, पडदे धुतले जातात आणि चार दिवस घर उजळून निघते. परंतु त्याच घराच्या पोटमाळ्यावर, खाटेखाली आणि कपाटाच्या वरच्या खणात वर्षानुवर्षे जे साठलेले असते, ते बहुधा तिथेच राहते. फार तर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाते. याचे कारण असे की, झाडणे-पुसणे आणि आवरणे ही दोन भिन्न कामे आहेत. झाडण्या-पुसण्याला हात पुरतात, आवरण्याला निर्णय घ्यावे लागतात. ज्या वस्तूविषयीचा निर्णय आपण पुढे ढकलला, तिचेच नाव अडगळ. हा विषय केवळ घराच्या शोभेचा नाही. त्यात घरातील वृद्धांची सुरक्षितता, मुलांचे आरोग्य आणि आपल्या पश्चात कुटुंबावर येणारा भार गुंतलेला आहे. म्हणून त्याचा थोडा शांतपणे विचार करणे योग्य ठरेल.

पूर्वीच्या घरातील व्यवस्था

आपल्या आजी-आजोबांच्या घरात वस्तू कमी होत्या, हे तर खरेच. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, घरात आलेल्या प्रत्येक वस्तूला बाहेर जाण्याची वाट ठरलेली होती. लुगडे विरले की त्याची गोधडी होई, गोधडी फाटली की तिचे दुपटे आणि शेवटी पोतेरे. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हईवाला पुन्हा वापरायोग्य करी, आणि अगदीच निकामी झालेले भांडे मोडीत जाई. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण दारावर येई. वर्तमानपत्राची रद्दी वाण्याकडे पुड्या बांधायला जाई. मोडक्या लाकडाचे सरपण होई आणि चुलीतील राख भांडी घासायला किंवा वाडीतल्या झाडांना लागे.

आज घरात वस्तू येण्याची वाट रुंद झाली आहे. भ्रमणध्वनीवर बोट ठेवले की खोके दारात येते. जाण्याच्या वाटा मात्र एकेक करून बुजल्या. नायलॉन-पॉलिएस्टरच्या साडीची मऊ गोधडी होत नाही. बंद पडलेला चार्जर कोणी दुरुस्त करीत नाही. प्लास्टिकचा डबा सरपणाला चालत नाही आणि चालवूही नये, कारण त्याचा धूर विषारी असतो. त्यातच ओटी, माजघर, पडवी आणि पोटमाळा असलेल्या घरातील संसार दोन खोल्यांच्या सदनिकेत आला. सामान तेवढेच राहिले किंवा वाढले, जागा मात्र आटली. त्यामुळे घर भरून गेले म्हणून गृहिणीला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे. बुजलेली वाट पुन्हा मोकळी करणे, हा त्यावरील खरा उपाय होय.

कामाचा क्रम

बहुतेक जण आवरायला बसतात ते जुन्या छायाचित्रांच्या पेटीपासून. मग एकेक छायाचित्र पाहता पाहता दुपार सरते आणि पेटी पुन्हा होती तशी बंद होते. आवरण्यावरील पुस्तकामुळे जगभर परिचित झालेल्या जपानच्या मेरी कोंडो यांनीही आठवणींच्या वस्तू सर्वात शेवटी हाती घ्याव्यात असेच सुचवले आहे. त्यांच्या क्रमात आधी कपडे, मग पुस्तके, कागद, किरकोळ वस्तू आणि अखेरीस आठवणी येतात. आपल्या घरांसाठी मात्र धोक्याच्या गोष्टी आधी, असा क्रम अधिक हिताचा वाटतो.

सर्वप्रथम पायाखालची जमीन. जिना, न्हाणीघराची वाट, दाराची चौकट आणि पलंगापासून शौचालयापर्यंतचा रस्ता या ठिकाणी एकही वस्तू असू नये. रात्री उठलेल्या वृद्धाचा पाय एखाद्या पिशवीत अडकला, तर मांडीच्या हाडाचा अस्थिभंग होऊन महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळण्याची वेळ येते. आगीच्या प्रसंगीही हीच वाट जीव वाचवते.

दुसरे म्हणजे अंगण, गच्ची आणि घराची मागील बाजू. तिथे पडलेले टायर, फुटक्या कुंड्या, करवंट्या, रंगाचे रिकामे डबे यांत पावसाचे पाणी साचते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला कित्येक महिने तग धरून राहतात आणि पाणी मिळताच उबतात. म्हणून हे काम पावसाळ्यापूर्वीच उरकावे.

तिसरे म्हणजे औषधे. प्रत्येक पट्टीवरील मुदतीची तारीख पाहावी. मुदत संपलेली आणि कोणाची आहेत हे न कळणारी औषधे बाजूला काढावीत. ती विहिरीत, मोरीत किंवा उघड्यावर टाकू नयेत. बंद पिशवीत स्वतंत्र ठेवून घरगुती घातक कचऱ्यासोबत द्यावीत. मागच्या आजारातील उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या ‘पुढे कधी लागतील’ म्हणून ठेवणे, हे तर दुहेरी धोक्याचे आहे.

कागदांची पिशवी

चौथे काम कागदांचे. ते किचकट आहे, परंतु कुटुंबाचे सर्वाधिक हित त्यातच आहे. एका घराचे चित्र डोळ्यांपुढे आणूया. घरातील कर्ता पुरुष अकस्मात निवर्तला आहे. विमा कोणता, मुदत ठेव कोणत्या बँकेत, घराचे खरेदीखत कुठे, हे पत्नीला ठाऊक नाही. विजेची वीस वर्षांची देयके, लग्नपत्रिका, वॉरंटीची पत्रके आणि बँकेच्या पावत्या एकाच पिशवीत कोंबलेल्या आहेत. शोकाच्या दिवसांत तिला ती पिशवी जमिनीवर ओतून बसावे लागते. हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले असेल.

दहा वर्षे कोणी दावा न केलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये स्थापन केलेल्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होतात. ती रक्कम बुडत नाही, वारसांना नंतरही मागता येते. परंतु ठेव आहे हेच माहीत नसेल, तर मागणार कोण? अशा ठेवी शोधता याव्यात म्हणून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. ज्यांच्या घरी जुन्या, अर्धवट पावत्या सापडतात, त्यांनी तिथे अवश्य शोध घ्यावा.

कागदांचे तीन भाग करावेत. पहिला कायम जपण्याचा: खरेदीखत, फेरफार उतारे, मृत्युपत्र, जन्म-विवाह-मृत्यूचे दाखले, शैक्षणिक प्रमाणपत्रे, विमा व ठेवींचे कागद. दुसरा काही वर्षे ठेवण्याचा: कराचे विवरण, मालमत्ता कराच्या पावत्या, चालू उपचारांचे वैद्यकीय अहवाल, मुदत न संपलेली वॉरंटी. तिसरा भाग रद्दीचा. रद्दीत देताना खाते क्रमांक, आधार क्रमांक किंवा सही असलेला भाग बारीक फाडून टाकावा.

कायम जपण्याच्या कागदांचा मोठा शत्रू म्हणजे आपल्या किनाऱ्यावरील दमट हवा, आणि तिच्यासोबत येणारी कसर व वाळवी. भिंतीला लागून असलेल्या लाकडी फडताळात हे कागद ठेवू नयेत. घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवावेत. तेलकट गुळगुळीत कागदावर छापलेल्या दुकानाच्या आणि एटीएमच्या पावत्यांवरील अक्षरे काही काळाने उडून जातात. महत्त्वाची पावती असेल तर तिची छायाप्रत त्वरित काढावी. काही कागद पुन्हा मिळवता येतात, हेही लक्षात असावे. सातबारा उतारा शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावर मिळतो, तर स्नानसंस्काराच्या दाखल्याची नोंद धर्मग्रामाच्या वहीत असते. परंतु मूळ खरेदीखत हरवले, तर फार यातायात करावी लागते.

शेवटी एका साध्या वहीत सर्व खाती, विमा, कर्जे आणि कागद कुठे आहेत याची नोंद करावी आणि ती वही कुठे ठेवली आहे हे घरातील किमान दोघांना सांगावे. त्याच वेळी खात्यांवरील नामनिर्देशन तपासून पाहावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यासाठी चार जणांपर्यंत नावे देता येतात. मात्र नामनिर्देशित व्यक्ती बँकेकडून रक्कम स्वीकारते, ती त्या रकमेची मालक ठरतेच असे नाही. म्हणून मृत्युपत्र करणे श्रेयस्कर. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्याला त्यातून काही मिळणार आहे, त्याने किंवा त्याच्या जोडीदाराने साक्षीदार म्हणून सही केल्यास त्याला दिलेला तो हिस्सा रद्द होतो. ही एक चूक पुष्कळ घरांत नकळत घडू शकते.

वडीलधाऱ्यांच्या वस्तू

यानंतर येतात कपडे, भांडी आणि अखेरीस आठवणींच्या वस्तू. येथेच घरोघरी वाद होतात. सुनेला जी अडगळ वाटते, ती सासूच्या लेखी तिच्या आईने दिलेली पितळेची परात असते. ज्यांनी टंचाईचे दिवस पाहिले, शिधापत्रिकेवरच्या धान्यावर संसार केला, त्यांना दोरीचा तुकडा आणि रिकामी बाटलीही टाकवत नाही. ही त्यांची खोड म्हणून हसण्यावारी नेऊ नये. तो त्यांच्या आयुष्याचा अनुभव आहे. त्यांच्या पाठीमागे वस्तू टाकून देणे हा सर्वात वाईट मार्ग होय. विश्वास एकदा गेला की ते पुढे प्रत्येक वस्तूला घट्ट धरून बसतात.

त्याऐवजी शेजारी बसून विचारावे, “आई, ही परात कोणाची? ही कोणाला द्यावी असे तुम्हाला वाटते?” अनेकदा वस्तूपेक्षा तिची हकीकत कोणी तरी ऐकावी एवढीच इच्छा असते. हकीकत वहीत लिहून ठेवली, छायाचित्र काढले, की परात नातीच्या घरी सुखाने जाते. स्वीडनमध्ये उतारवयात आपले सामान आपणच मार्गी लावण्याची रीत आहे. मार्गारेटा माग्नुसॉन यांच्या २०१७ च्या पुस्तकाने ती जगाला परिचित झाली. आपल्या मागे मुलांना हे ओझे उपसावे लागू नये, ही त्यामागील भावना. आपल्याकडेही आयुष्याच्या संध्याकाळी लेकी-सुनांना हाताने दागिने वाटून देणाऱ्या आज्या होत्याच.

काही घरांत मात्र साठवणे हा स्वभाव न राहता व्याधी बनते. निरुपयोगी वस्तूही टाकताना असह्य यातना होणे, खोल्या राहण्याजोग्या न उरणे, अशी लक्षणे असलेल्या या विकाराची जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात स्वतंत्र नोंद आहे. अशा व्यक्तीला रागावून किंवा लाजवून उपयोग होत नाही. तिला मानसोपचारतज्ज्ञांची मदत मिळवून द्यावी.

बाहेरच्या वाटा

निवडून बाजूला काढलेले सामान दाराशीच महिनाभर पडून राहिले, तर सारे श्रम व्यर्थ जातात. म्हणून प्रत्येक ढिगाची वाट आधीच ठरवावी. धातू व कागद भंगारवाल्याकडे. बंद पडलेली विद्युत उपकरणे अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राकडे. फुगलेली बॅटरी तर घरात मुळीच ठेवू नये; ती दाबू वा टोचू नये, कारण ती पेट घेऊ शकते. फाटक्या सुती कपड्यांची फडकी करावीत.

चांगले कपडे आणि भांडी गरजूंना द्यावीत, परंतु ती देताना धुतलेली, इस्त्री केलेली, बटणे लावलेली असावीत. जे आपण पाहुण्याच्या अंगावर घालणार नाही, ते गरिबाच्या हाती देऊ नये. आपली अडगळ दुसऱ्याच्या दारी नेऊन टाकणे म्हणजे दान नव्हे.

नित्याची सवय

जपानी कारखान्यांत पाच पायऱ्यांची एक पद्धत रूढ आहे: नको ते वेगळे करणे, हवे ते जागी लावणे, स्वच्छ करणे, नियम ठरवणे आणि तो पाळत राहणे. घरालाही ती लागू पडते, आणि तिथेही अखेरची पायरी सर्वात अवघड असते. एका दिवसात घर आवरण्याचा हट्ट धरू नये. रोज पंधरा मिनिटे आणि एकच खण पुरे. खणातील सर्व वस्तू बाहेर काढाव्यात, लागणाऱ्या तेवढ्याच परत ठेवाव्यात आणि प्रत्येक वस्तूला कायमची जागा द्यावी. कात्री, किल्ल्या, चष्मा आणि विजेरी यांची जागा घरातील लहान मुलालाही ठाऊक असावी. नवी वस्तू घेताना ती कुठे राहील आणि तिच्याऐवजी काय बाहेर जाईल, हे दुकानातच ठरवावे.

हे काम एकट्या गृहिणीचे नाही. मुलांनी आपला खण, पुरुषांनी आपली हत्यारपेटी आणि कागदपत्रे स्वतः आवरावीत. येत्या रविवारी सर्वांनी मिळून केवळ कागदांची ती एक पिशवी उघडावी आणि वहीचे पहिले पान लिहावे. पुढे केव्हातरी, डोळ्यांत पाणी असताना, घरातील कोणी ती वही उघडेल आणि हवा तो कागद पहिल्याच डब्यात त्याच्या हाती लागेल.